आपल्या बाजूचं खोटं पकडल्यावर तुम्ही काय करता?

शंकेखोर

विरोधी बाजूच्या नेत्याने आकडा फुगवून सांगितला की आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर अर्ध्या तासात त्याची चिरफाड होते. जुन्या भाषणाची क्लिप, सरकारी अहवालाचं पान, लाल गोल काढलेला स्क्रीनशॉट, सगळं हजर. तोच उद्योग आपल्या बाजूच्या माणसाने केला की ग्रुपवर सामसूम. मग कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं आणि गाडी पुढे जाते.

माध्यमं विकली गेली आहेत का, हा माझा प्रश्न नाही. त्यावर इथे आधीच ढीगभर धागे पडलेत. प्रश्न एवढाच आहे: ज्याला तुम्ही मत दिलंत त्याने, किंवा त्याची तळी उचलणाऱ्या चॅनेलने, धडधडीत खोटं सांगितलं आणि ते तुम्हाला कळलं. पुढे काय केलंत?

माझं मत असं की आपण खोट्या बातमीच्या मागे धावतो, खोटं बोलणाऱ्याच्या मागे जात नाही. बातमीवर 'खोटी' असा शिक्का बसला की आपल्याला बरं वाटतं. ती ज्याच्या तोंडून निघाली तो मात्र दुसऱ्या दिवशी नव्या विषयावर बोलायला मोकळा. माईक पुढे धरणारा त्याला 'कालच्या आकड्याचं काय?' असं विचारत नाही. आपणही विचारत नाही.

पक्षांची नावं न घेता लिहा ही विनंती. नाहीतर तिसऱ्या प्रतिसादाला धागा पेटेल आणि दहाव्याला कुलूप लागेल.

खडूस

कुलूप लागायच्या आत रुमाल टाकून ठेवतो.

दवबिंदू

मी ग्रुप म्यूट करते. संपला विषय.

धूमकेतू_७

दोन्ही बाजू सारख्याच, हा सूर मला पटत नाही. सत्तेत बसलेल्याचं खोटं आणि विरोधातल्याचं खोटं एकाच मापाने कसं मोजणार? सत्ताधाऱ्याच्या हातात जाहिरातींचं बजेट असतं, अधिकारी असतात, आकडे असतात. त्याने लपवलं तर ते शोधायचं कुठे? विरोधक खोटं बोलला तर त्याला उघडं पाडायला अख्खं सरकारी खातं तयार असतं. तेव्हा 'आपली बाजू' वगैरे आत्मपरीक्षण नंतर, आधी खुर्चीवर जो आहे त्याला धरा.

शंकेखोर

@धूमकेतू_७, खुर्चीवर आहे त्याला जास्त धरावं हे मान्य. पण केंद्रात एक, राज्यात दुसरा, पालिकेत तिसरा, आणि त्यातले काही मधूनच इकडचे तिकडे. खुर्ची कुठली ते तर सांगा! शिवाय तुम्ही मूळ प्रश्न छान टोलवलात.

धूमकेतू_७

टोलवला नाही, राखून ठेवलाय.

शाई_सुकली

बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, म्हणून आतली बाजू लिहिते.

खोटं छापायला कुणी बसलेलं नसतं, निदान रोज तरी नसतं. रात्री उशिरा वार्ताहराचा फोन येतो, नेत्याचं भाषण आत्ताच संपलंय. भाषणात एक दणदणीत आकडा आहे. तो खरा की खोटा हे तपासायला लागणारा अहवाल कुठल्या तरी खात्याच्या संकेतस्थळावर, पीडीएफच्या पोटात. पान सोडायची वेळ डोक्यावर. मग मथळ्यात तो आकडा एकेरी अवतरणात जातो. ते अवतरण म्हणजे आमचं चिलखत: आम्ही म्हटलं नाही, ते म्हणाले. वाचकाला ते चिन्ह दिसतही नाही, त्याच्या लक्षात आकडा राहतो. चॅनेलवर हेच काम प्रश्नचिन्ह करतं. 'अमुकने तमुक केलं का?' असं पट्टीवर दिवसभर फिरवायचं. उत्तर द्यायची जबाबदारी कुणावरच नाही.

यात अज्ञान आणि घाई आहे. पैसा आला की प्रकरण वेगळं होतं. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दन्शब्द सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढलं. लेखकांची नावं वेगळी आणि मजकूर एकच! प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये दोन सदस्यांच्या समितीकडून पेड न्यूजवर अहवाल करून घेतला, आणि सुरुवातीला तो अख्खा प्रसिद्धच केला नाही, सारांशावर भागवलं.

पुढे २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. का? तर बातमीच्या रूपातल्या जाहिरातीचा खर्च निवडणूक हिशेबात दाखवला नाही म्हणून. वाचकाला फसवल्याबद्दल नाही.

चकवा

म्हणजे पावती दाखवली असती तर फसवणूक नियमित!

शाई_सुकली

@चकवा, बरोबर पकडलंत. हसू येतं, पण पकडायला हाताशी तेवढंच आहे.

टिंबटिंब

आमच्या ग्रुपवरच्या काकांचा अजूनही ठाम विश्वास आहे की २००० च्या नोटेत चिप होती. २०१६ च्या नोव्हेंबरात चॅनेलवर त्यांनी स्वतः पाहिलं होतं, जमिनीखालीसुद्धा उपग्रहाला सिग्नल जातो म्हणून. रिझर्व्ह बँकेने असलं काही कधी म्हटलंच नव्हतं. नोट छापणं बंद झालं, चलनातून परतसुद्धा मागवली. मी म्हटलं, काका, आता तरी? तर म्हणाले, "चिप काढून घ्यायलाच परत मागवल्या."

याला कुठलं फॅक्टचेक लावायचं?

खडूस

काकांना चॅनेलवर घ्या, एकहाती टीआरपी आणतील.

रा. रा. वाचक

टिंबटिंब, काकांचा दोष कमी आहे. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय, आणि पुढे अनेकांनी ते पडताळलंय. गंमत म्हणजे मुळात माहिती असलेल्या माणसालाही हे लागू होतं. म्हणून खोटं खोडून काढताना तेच वाक्य मोठ्या अक्षरांत पुन्हा छापू नये म्हणतात. आपले चॅनेलवाले नेमकं तेच करतात: 'व्हायरल सच' म्हणून दहा वेळा ती क्लिप, आणि शेवटी दोन सेकंद 'दावा खोटा'.

शंकेखोरांच्या मुद्द्याला धरून एक प्रयोग सांगतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नऊ राज्यांत निवडणुकीच्या तोंडावर सुमारे १२०० आमदार निवडले. त्यातल्या काहींना संशोधकांनी पत्रं पाठवली. मजकूर असा की तुमच्या विधानांची पडताळणी होते, आणि खोटं पकडलं गेलं तर नावाला बट्टा लागू शकतो. बाकीच्यांना तशी पत्रं नाहीत. नंतर पाहिलं तर ज्यांना इशारा मिळाला होता त्यांची विधानं खोटी ठरण्याचं प्रमाण कमी होतं. मुळात तपासली गेलेली विधानंच थोडी, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण मला यातून एवढं दिसतं की फॅक्टचेकचा खरा ग्राहक काका नाहीत. नेता आहे. त्याला कुणीतरी बघतंय एवढं कळलं पाहिजे.

धूमकेतू_७

@रा. रा. वाचक, हे तिकडे. इकडे नेत्याला लाज वाटेल हे गृहीत धरायचं का? आणि परदेशातलंच सांगायचं तर ब्रिटनमधली, युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या ब्रेक्झिट मोहिमेची ती लाल बस आठवा. २०१६ मध्ये तिच्यावर रंगवलं होतं की आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात. परत मिळणारी रक्कम वजाच केली नव्हती. २०१७ मध्ये खुद्द तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी लेखी फटकारलं की हा सरकारी आकडेवारीचा उघड गैरवापर आहे. मोहिमेचा चेहरा असलेले बोरिस जॉन्सन २०१९ मध्ये पंतप्रधान झाले. कुणीतरी खासगी खटला भरला होता, तोही उच्च न्यायालयाने उडवला. बट्टा कुठे लागला?

कलम_कसाई

वकिली चष्म्यातून थोडं.

आपल्याकडे निवडणुकीतलं खोटं हा गैरप्रकार आहे, पण फार अरुंद दारातून. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(४). उमेदवाराच्या *वैयक्तिक* चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल खोटं विधान, तेही खोटं आहे हे माहीत असून किंवा खरं मानत नसून केलेलं, आणि त्याच्या निवडून येण्याला बाधा येईल असं. याचिका उच्च न्यायालयात, निकालानंतर ४५ दिवसांत. सिद्ध करताना नाकी नऊ येतात. स्वतःच्या कामगिरीबद्दल थापा मारल्या तर हे कलम लागतच नाही.

सभागृहाच्या आत तर आणखी मजा. संविधानाच्या अनुच्छेद १०५ नुसार खासदाराला आणि १९४ नुसार आमदाराला सभागृहातल्या बोलण्यासाठी कोर्टात खेचता येत नाही. हे संरक्षण हवंच, नाहीतर विरोधकांनी तोंडच उघडलं नसतं. पण सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग आणायचा तर तो पुढे सरकणार बहुमताच्या मर्जीने.

ब्रिटनमध्ये मात्र २०१० मध्ये फिल वूलस नावाच्या खासदाराची निवड रद्द झाली. प्रचारपत्रकांत प्रतिस्पर्ध्याबद्दल खोटं लिहिलं म्हणून. तीन वर्षं बंदी. तिथेही दार तेच: वैयक्तिक चारित्र्य.

चकवा

थोडक्यात, 'तो चोर आहे' अशी थाप मारली तर निवडणूक जाऊ शकते. 'मी लाख नोकऱ्या दिल्या' अशी थाप मारली तर मंत्रिपद.

अस्मानी

मग सरळ कायदा करा ना. खोटी बातमी दिली की दंड, खोटं बोललं की अपात्र. एवढी चर्चा कशाला?

कलम_कसाई

@अस्मानी, खोटं कुठलं हे ठरवणार कोण? केंद्र सरकारने २०२३ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती करून स्वतःच्या कामकाजाविषयीची माहिती खरी की खोटी हे ठरवायला स्वतःचाच फॅक्टचेक कक्ष नेमायची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं जानेवारी २०२४ मध्ये विभागली, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच पंच नेमायचं? तुम्हाला आजचं सरकार आवडत असेल तर उद्याचं डोळ्यांपुढे आणा, आवडत नसेल तर प्रश्नच नाही.

अस्मानी

पटतंय, तरी चीड येते. अमेरिकेत नाही का, एका चॅनेलला मशीनवाल्या कंपनीला रग्गड पैसे द्यावे लागले?

कलम_कसाई

मतदान यंत्रांची कंपनी डॉमिनियन आणि चॅनेल फॉक्स न्यूज, एप्रिल २०२३, ७८ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड. पण ती कंपनीची बदनामी म्हणून. ज्यांना २०२० ची निवडणूक चोरली गेली असं महिनोन्महिने ऐकवलं त्या प्रेक्षकांचा त्या खटल्यात काहीच संबंध नव्हता.

दवबिंदू

पुन्हा आले. सगळी चर्चा टीव्ही आणि नेत्यांभोवती फिरतेय म्हणून. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून. भिक्षेसाठी फिरणारी भटक्या समाजातली माणसं होती ती. यात पक्ष नव्हता, चॅनेल नव्हतं, होता तो फॉरवर्ड. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मी म्यूट करते म्हटलं ते उडवाउडवीचं नव्हतं. मी पुढे पाठवत नाही, कुणाचंच. माझ्यापुरतं साखळी तुटते.

शंकेखोर

@दवबिंदू, दाद. पण साखळी तुटली तरी सुरुवात करणारा तसाच राहतो, माझा काटा तिथेच अडकलाय.

रा. रा. वाचक

अवांतर: चॅनेलविरुद्ध तक्रार करायचा रस्ता आहे, कुणी वापरत नाही. आधी चॅनेलकडेच लेखी, प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत. समाधान झालं नाही तर चॅनेलांच्या संघटनेनं नेमलेल्या मानक प्राधिकरणाकडे. एका चर्चेच्या कार्यक्रमाबद्दल मी हे केलं. चॅनेलचं उत्तर आलं की निवेदकाने 'प्रश्न विचारला होता, विधान केलं नव्हतं'. शाई_सुकली म्हणतात ते प्रश्नचिन्हाचं चिलखत, अगदी तेच. पुढे गेलो तर कळलं की चॅनेल त्या संघटनेचं सदस्यच नाही. विषय संपला.

छापील मजकुरासाठी प्रेस कौन्सिल, पण तिला समज देण्यापलीकडे अधिकार नाहीत.

मावळतीसूर

धागा आजच वाचला. माझी नोकरी विधिमंडळाच्या कागदपत्रांशी निगडित होती, आता निवृत्त आहे. धूमकेतू म्हणतात तशी नेत्याला लाज वाटेल याची वाट पाहायची गरज नाही. कागदाने अडकवता येतं.

मंत्री प्रचारसभेत काय बोलला ते सोडून द्या, ते हवेत जातं. सभागृहात बोललेला शब्दन्शब्द मात्र नोंदला जातो. तारांकित प्रश्नाला उत्तर देताना किंवा लक्षवेधीवर बोलताना मंत्री सहज म्हणून जातात, 'चौकशी करून सभागृहाला कळवू', 'बाब तपासून पाहतो', 'हे शासनाच्या विचाराधीन आहे'. ऐकणाऱ्याला वाटतं वेळ मारून नेली. पण अशी वाक्यं आश्वासन म्हणून वेगळी काढली जातात. त्यासाठी आश्वासन समिती नावाची समिती आहे. लोकसभेतही आहे, तिथे तीन महिन्यांत पूर्तता करायची असा दंडक आहे. मुदती वाढवून घेतात, आश्वासनं वगळायची विनंतीही करतात, सगळं खरं. पण ते करायलासुद्धा खात्याला कारण लिहून द्यावं लागतं, आणि लिहिलेलं कारण म्हणजे कागद.

आता तुमचं काम. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख शोधा. संबंधित खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. अर्जात 'काम का झालं नाही' असं कधीही विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, दोन ओळींत निकाली काढतात. विचारायचं ते असं: 'अमुक तारखेला सभागृहात प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात दिलेल्या आश्वासनाबाबत विभागाने आजवर केलेल्या कार्यवाहीच्या पत्रव्यवहाराची व नस्तीवरील टिपण्यांची प्रत द्यावी.' नस्ती, म्हणजे फाइल, असेल तर प्रत द्यावी लागते. नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि मंत्र्याने सभागृहात जे सांगितलं त्याचा कागदच नाही, यापेक्षा मोठी बातमी कुठली? ती कुठल्याही वार्ताहराला द्या, त्याला अवतरण चिन्ह लागणार नाही.

चॅनेलवरच्या तासाभराच्या आरडाओरड्याला मंत्र्याच्या कार्यालयात कुणी भीत नाही. असा एक अर्ज आला की विभागात विचारणा सुरू होते.

शाई_सुकली

मावळतीसूर, डेस्कवर असताना हे कुणी सांगितलं असतं तर! आम्ही सभागृहातली खडाजंगी छापायचो, उत्तराच्या शेवटच्या ओळीकडे कुणी बघायचं नाही.

धूमकेतू_७

हे आवडलं. पण २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या ८(१)(ञ)ला कात्री लावलीय ना? वैयक्तिक माहिती म्हणून काहीही नाकारतील.

मावळतीसूर

नावं, मालमत्ता, चौकशा यांना त्याचा फटका बसेल, काळजी रास्त आहे. आश्वासनावरच्या कार्यवाहीत वैयक्तिक काय असणार? नाकारलंच तर अपील.

पायवाट

बराच वेळ वाचतोय. मूळ प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

मी एका पक्षासाठी बूथवर काम केलंय, पगारी नाही, मनापासून. एका निवडणुकीत आमच्या उमेदवाराचं पत्रक आलं, वर पुलाचा रंगीत फोटो आणि खाली 'शब्द दिला, पूर्ण केला'. तो पूल आधीच्या आमदाराच्या काळात मंजूर झाला होता, कोनशिलेवर तारीख कोरलेली. वस्तीतली पोरंसुद्धा सांगतील. मी कार्यालयात म्हटलं, हे मी वाटणार नाही, दारात लोक मला विचारतील. संयोजक शांतपणे म्हणाले, "तू नको वाटू, दुसरा वाटेल." दुसऱ्याने वाटलं. आम्ही जिंकलो. माझं नाव पुढच्या बैठकीच्या यादीत नव्हतं.

मत मी त्यांनाच दिलं, समोरचा त्याहून वाईट होता. पण दोन-चार जणांनी तसंच सांगितलं असणार, कारण पुढच्या वेळच्या पत्रकातून पूल गायब झाला.

चकवा

पूल गायब होणं आपल्याकडे नवीन नाही.

कलम_कसाई

@पायवाट, पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव होतं का? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क नुसार लागतं.

पायवाट

आमच्यावर होतं, तळाला बारीक अक्षरात. पण मतदानाच्या आदल्या रात्री समोरच्या उमेदवाराच्या घरगुती भानगडींचं एक काळंपांढरं पत्रक दारोदार पडलं, त्यावर नव्हतं. कुणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. आमचंच.

कलम_कसाई

आणि बघा, १२३(४) खाली येऊ शकत होतं ते नेमकं हे दुसरं पत्रक. पुलाचं नाही. बिननावी छापण्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड बहुतेक प्रचाराच्या खर्चातच धरत असतील.

शंकेखोर

पायवाट, धाग्याला पहिलं सरळ उत्तर तुमचं. धूमकेतू, तुम्ही राखून ठेवलेलं बाहेर काढा आता.

धूमकेतू_७

काढतो. माझ्या भागातल्या रुग्णालयाच्या वाढीव खाटांबद्दल मंत्र्यांनी सभागृहात 'निधी उपलब्ध करून देण्याची बाब विचाराधीन' असं सांगितलं होतं, आणि आमच्या आमदारांनी त्याचे 'मंजूर' म्हणून फलक लावले. आमदार मीच निवडून दिलेले. मंत्री त्याच पक्षाचे. प्रश्न क्रमांक आत्ता सापडला. मावळतीसूर, अर्ज सार्वजनिक आरोग्य विभागाकडे करायचा की वैद्यकीय शिक्षणकडे?

मावळतीसूर

रुग्णालय महाविद्यालयाला जोडलेलं असेल तर वैद्यकीय शिक्षण, जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर सार्वजनिक आरोग्य. चुकलं तरी घाबरू नका, कलम ६(३) खाली पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पोच घ्या. तीस दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. आणि फलकाचा फोटो आजच काढून ठेवा, तारखेसकट.

धूमकेतू_७

फोटो आहे. आमदारसाहेबांबरोबर माझाही आहे त्यात.

खडूस

तो कापून लावा.